बिझनेस स्कूलमधले अर्थशास्त्र : एका पीएच.डी.ची जडणघडण

व्यवस्थापकीय अर्थशास्त्र आणि व्यूहनीती या विषयातली पीएच.डी. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात नव्हे, तर बिझनेस स्कूलमध्ये केली जाते. कंपनी किंमत कशी ठरवते, नव्या बाजारात कधी उतरते, व्यवस्थापकांना कोणत्या कराराने बांधून घेते, प्रतिस्पर्ध्याच्या चालीला काय उत्तर देते, एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांपैकी एक वर्षानुवर्षे नफ्यात आणि दुसरी कायम ओढाताणीत का राहते, हे तिचे प्रश्न. प्रश्न व्यवहाराचे असले तरी त्यांचा अभ्यास चालतो तो गणिती प्रमेये, गेम थिअरी (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांचे गणित) आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे. व्यवहार आणि गणित यांची ही सांगड अमेरिकेत साधारण १९५० ते १९८० या तीस वर्षांत जुळली, आणि तीही मोजक्या ठिकाणी : पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड, शिकागोजवळचे एव्हन्स्टन, बोस्टन आणि इंडियाना राज्यातले पर्ड्यू विद्यापीठ.

बिझनेस स्कूल ही संस्था त्याहून बरीच जुनी. १८८१ साली उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि त्यातून व्हॉर्टन स्कूल उभे राहिले. शिकागो विद्यापीठाने १८९८ मध्ये वाणिज्याचे महाविद्यालय काढले. हार्वर्ड आणि नॉर्थवेस्टर्न या दोन्ही विद्यापीठांत १९०८ मध्ये बिझनेस स्कूल सुरू झाले. नॉर्थवेस्टर्नचे वर्ग शिकागो शहरात संध्याकाळी भरत, दिवसभर नोकरी करणाऱ्यांसाठी. हिशेबलेखन, व्यापारी कायदा, बँकिंग, रेल्वेचे वाहतूक दर असे विषय तिथे शिकवले जात. शिकवणारे काही धंद्यातले अनुभवी लोक असत, काही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे पहिले अधिष्ठाता एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते.

या शाळांना स्वतःचे शिक्षक स्वतःच घडवावे लागतील, हे लवकरच लक्षात आले. शिकागोने १९२० मध्ये व्यवसाय या विषयात पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू केला. तो या प्रकारातला पहिला मानला जातो. हार्वर्डपुढे वेगळी अडचण होती. पीएच.डी. देण्याचा अधिकार तिथे कला आणि विज्ञान शाखेकडे होता, बिझनेस स्कूलकडे नव्हता. म्हणून शाळेने आपली वेगळी डॉक्टरेट काढली, आणि १९५३ पासून ती डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, या नावाने दिली जाऊ लागली. व्यवसाय-अर्थशास्त्रातली पीएच.डी. मात्र दोन्ही शाखांनी मिळून चालवली. या प्रशासकीय तडजोडीचे पुढे व्यूहनीतीच्या विषयावर फार मोठे परिणाम झाले.

त्या काळातल्या अर्थशास्त्राला कंपनीच्या आत डोकावण्याची फारशी गरज वाटत नव्हती. पाठ्यपुस्तकातली कंपनी आलेखावर एका बिंदूशी थांबायची : शेवटच्या नगाचा उत्पादनखर्च (सीमांत खर्च) आणि त्या नगापासूनची प्राप्ती जिथे समान होतात, तिथे. १९३७ मध्ये रोनाल्ड कोस यांनी मूलभूत प्रश्न विचारला. बाजार इतका कार्यक्षम असेल, तर कंपन्या मुळात असतातच कशाला? पण त्या लेखाकडे पुढची तीन दशके फारसे कोणी वळले नाही. १९३९ मध्ये ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनी ३८ उद्योजकांशी बोलून लिहिले की त्यांतले बहुतेक जण सीमांत खर्चाचा विचारही करत नाहीत. पूर्ण खर्च काढतात, त्यावर ठरावीक नफा चढवतात आणि किंमत सांगतात. अमेरिकेत जोएल डीन हे फर्निचरच्या कारखान्याच्या वह्या तपासून खर्चाचे सांख्यिकी आलेख काढत होते. त्यांचे ‘मॅनेजरियल इकॉनॉमिक्स’ हे पुस्तक १९५१ मध्ये आले आणि विषयाला नाव मिळाले. डीन यांचा भर अर्थशास्त्रातले तयार सिद्धांत व्यवस्थापकाच्या टेबलापर्यंत पोचवण्यावर होता. कंपनीच्या प्रश्नांतून नवा सिद्धांत निघू शकतो, ही समजूत रुजायला आणखी काही वर्षे जायची होती.

ती पहिल्यांदा रुजली पिट्सबर्गमध्ये. विल्यम लॅरिमर मेलन यांच्या साठ लाख डॉलरच्या देणगीतून १९४९ मध्ये कार्नेगी टेकमध्ये औद्योगिक प्रशासनाची पदव्युत्तर शाळा निघाली. अधिष्ठाता जॉर्ज लेलँड बाख यांनी अर्थशास्त्रज्ञ, गणितज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ यांना एकाच छताखाली आणले. हर्बर्ट सायमन, विल्यम कूपर, फ्रँको मोदिग्लियानी, मर्टन मिलर, रिचर्ड सायर्ट, जेम्स मार्च, जॉन मुथ ही त्यांतली काही नावे. यांतल्या सायमन, मोदिग्लियानी आणि मिलर यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इतक्या लहान आणि इतक्या नव्या शाळेत असे घडावे, ही विसाव्या शतकातल्या अर्थशास्त्रातली मोठी गोष्ट आहे, आणि तिची जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतली गेलेली नाही.

कार्नेगीची पद्धत समजायला सायर्ट आणि मार्च यांच्या १९६३ च्या ‘अ बिहेव्हिअरल थिअरी ऑफ द फर्म’ या पुस्तकातले एक उदाहरण पुरते. संशोधकांनी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधला एक विभाग निवडला आणि तिथले लोक किंमत कशी लावतात याचे बारकाईने निरीक्षण केले. नियम अगदी साधा निघाला : खरेदीची किंमत ०.६ ने भागायची आणि आलेला आकडा जवळच्या ९५ सेंटवर आणायचा. सहा डॉलरला घेतलेली वस्तू दहा डॉलरची होते, म्हणून तिच्यावर ९.९५ ची चिठ्ठी लागते. हाच नियम संगणकाला शिकवून त्यांनी १९७ खरेदी-बिलांवर तपासला. १८८ बिलांमध्ये किंमत सेंटापर्यंत बरोबर आली. मागणीचा आलेख, सीमांत खर्च, स्पर्धकाची किंमत यांतले काहीही त्या नियमात नव्हते. सिद्धांताला हे मोठे आव्हान होते : लोक खरोखर असे वागत असतील, तर नफा वाढवण्याची गृहीतके कुठे आणि किती उपयोगी?

हे प्रश्न विचारायला तयार झालेले विद्यार्थी म्हणजेच कार्नेगीचा डॉक्टरेटचा वर्ग. ऑलिव्हर विल्यमसन हे एमआयटीचे इंजिनीअर, स्टॅनफर्डचे एमबीए. १९६३ मध्ये त्यांनी कार्नेगीत पीएच.डी. पूर्ण केली. मालकाच्या नफ्याऐवजी स्वतःचा पगार, हाताखालची माणसे आणि कचेरीतला डामडौल वाढवण्यात व्यवस्थापकाला रस असेल तर कंपनी कशी चालते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. फोर्ड फाउंडेशनच्या उत्कृष्ट प्रबंधांच्या मालेत त्याची निवड झाली. कोस यांचा १९३७ चा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे नेला तो विल्यमसन यांनीच. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कार्नेगीतूनच पीएच.डी. झालेले एडवर्ड प्रेस्कॉट आणि फिन किडलँड यांना ते २००४ मध्ये मिळाले.

फोर्ड फाउंडेशनचा उल्लेख वर ओझरता आला. त्याचा वाटा मात्र मोठा आहे. १९५९ मध्ये दोन अहवाल प्रसिद्ध झाले. रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल यांचा अहवाल फोर्डच्या पैशांतून निघाला होता, फ्रँक पिअर्सन यांचा कार्नेगी कॉर्पोरेशनच्या. दोन्ही अहवालांनी अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलांवर कठोर टीका केली : शिकवणे वर्णनात्मक, संशोधन तुटपुंजे, विद्यार्थ्यांची निवड ढिसाळ, शिक्षकांकडे गणित आणि समाजशास्त्रे यांची तयारी नाही. फोर्डने नुसती टीका करून हात झटकले नाहीत. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दशकभरात त्यांनी व्यवसायशिक्षणावर साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला, आणि त्यातला मोठा भाग संशोधन, शिक्षकांची तयारी आणि डॉक्टरेटच्या शिष्यवृत्त्या यांसाठी होता. बिझनेस स्कूलांमध्ये प्राध्यापकांच्या जागा निघाल्या, पण त्या जागांवर बसायला बिझनेस स्कूलमधूनच तयार झालेली माणसे नव्हती. म्हणून अर्थशास्त्र, गणित आणि ऑपरेशन्स रिसर्च या विषयांतले तरुण तिथे आले. त्यांना तिथे पगार बरा मिळे, आणि अर्थशास्त्र विभागात ज्या कामाकडे संशयाने पाहिले जाई ते काम करायची मोकळीकही.

पश्चिम किनाऱ्यावर, स्टॅनफर्डच्या ग्रॅज्युएट स्कूल ऑफ बिझनेसमध्ये, रॉबर्ट विल्सन १९६४ मध्ये दाखल झाले. ते हार्वर्डचे गणिताचे पदवीधर, तिथलेच एमबीए आणि १९६३ चे डीबीए. त्यांचा प्रबंध अरेषीय इष्टतमीकरणाच्या एका पद्धतीवर होता, आणि ती पद्धत आजही इंजिनीअरिंगमध्ये वापरली जाते. अर्थशास्त्र विभागाची पदवी नसलेला हा माणूस पुढे अर्थशास्त्रातल्या नोबेलविजेत्यांचा गुरू झाला.

विल्सन यांचा प्रश्न होता लिलावाचा. समुद्रातले तेलक्षेत्र मोहोरबंद निविदांनी विकले जाते. खाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की माहीत नसते. प्रत्येक कंपनीचे भूवैज्ञानिक आपापला अंदाज देतात. सगळ्यांचा अंदाज सरासरीने बरोबर असला, तरी सर्वांत मोठी बोली लावते ती सर्वांत आशावादी अंदाज असलेली कंपनी. त्यामुळे जिंकलेल्या कंपनीने बहुधा जास्तच पैसे मोजलेले असतात. मेक्सिकोच्या आखातातल्या तेल कंपन्यांच्या अनुभवावरून अटलांटिक रिचफिल्डच्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हेच दाखवले. विल्सन यांनी त्याआधी, १९६९ मध्येच, अशा लिलावात शहाणी कंपनी आपली बोली किती खाली आणेल याचे गणित मांडले होते.

या प्रश्नावर विद्यार्थी जमले. ॲल रॉथ यांनी १९७४ मध्ये ऑपरेशन्स रिसर्चमध्ये पीएच.डी. केली. बेंग्ट होल्मस्ट्रॉम हे फिनलंडमधल्या मोठ्या उद्योगसमूहात नियोजन अधिकारी होते. तिथे गणिती प्रतिमान तयार करताना त्यांच्या लक्षात आले की गणित सोपे आहे; कारखान्यांकडून खरी माहिती मिळवणे अवघड आहे, कारण खरे सांगण्यात कारखान्यांच्या प्रमुखांचा फायदा नसतो. १९७८ ची त्यांची पीएच.डी. याच अडचणीतून निघाली. पॉल मिल्ग्रोम विमा कंपनीत गणितज्ञ म्हणून काम करून १९७५ मध्ये स्टॅनफर्डला आले ते एमबीए करायला. पहिल्या वर्षानंतर शिक्षकांनी त्यांना पीएच.डी.कडे वळवले आणि १९७९ मध्ये त्यांनी लिलावांवर प्रबंध पूर्ण केला. रॉथ यांना २०१२ मध्ये, होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये आणि खुद्द विल्सन यांना मिल्ग्रोमसोबत २०२० मध्ये नोबेल मिळाले. १२ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे नोबेल समितीला मिल्ग्रोम फोनवर सापडेनात. ते विल्सन यांच्या समोरच राहत. शेवटी विल्सन पत्नीसह रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी शिष्याच्या दाराची बेल वाजवली. दारावरच्या कॅमेऱ्यात हा प्रसंग टिपला गेला. गुरूने स्वतः जाऊन शिष्याला उठवावे, हे त्या नात्याला शोभणारेच होते.

स्टॅनफर्डने माणसे तयार केली. पण त्यांतल्या दोघांची सर्वांत फलदायी वर्षे गेली एव्हन्स्टनमध्ये. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलने १९६६ मध्ये पदवीपूर्व अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्याच वर्षी पर्ड्यूमधून स्टॅनली रायटर यांना आणले. रायटर यांनी अर्थशास्त्र, गणित आणि निर्णयशास्त्र एकत्र असलेला विभाग उभा केला : मॅनेजरियल इकॉनॉमिक्स अँड डिसिजन सायन्सेस, म्हणजेच ‘मेड्स’. १९७० मध्ये कार्नेगीहून मॉर्टन कामीन आणि नॅन्सी श्वार्ट्झ आले. दोघेही मुळात पर्ड्यूचे पीएच.डी. श्वार्ट्झ यांनी विभागाची आणि डॉक्टरेट अभ्यासक्रमाची धुरा सांभाळली. मानाचे अध्यासन मिळालेल्या त्या शाळेतल्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९८१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९८३ पासून होणारी व्याख्याने आज सिद्धांताच्या जगात मानाची समजली जातात.

रायटर यांचे धोरण सरळ होते : चांगला सिद्धांत करणारा माणूस घ्यायचा, त्याच्या कामाचा व्यवसायाशी संबंध काय, हे पहिल्याच दिवशी विचारायचे नाही. अमेरिकेतले अनेक अर्थशास्त्र विभाग तेव्हा गेम थिअरीला जवळ करत नव्हते. त्यामुळे एव्हन्स्टनमध्ये काही वर्षांतच असा गट जमला की त्याचे संपूर्ण महत्त्व नंतरच कळले. जॉन रॉबर्ट्स १९७१ मध्ये आले, मार्क सॅटरथ्वेट १९७२ मध्ये, एहुद कलाई १९७५ मध्ये, रॉजर मायरसन १९७६ मध्ये, आणि १९७९ मध्ये होल्मस्ट्रॉम आणि मिल्ग्रोम दोघेही. याच वर्षी शाळेला केलॉग फाउंडेशनची एक कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिचे नाव केलॉग झाले.

या गटाचे काम एका धाग्याने बांधलेले दिसते : माहिती सगळ्यांकडे सारखी नसते, आणि प्रत्येक जण आपल्या फायद्यानुसार ती सांगतो किंवा लपवतो. मायरसन आणि सॅटरथ्वेट यांचे १९८३ चे प्रमेय पाहा. घर विकणाऱ्याला आपली खालची मर्यादा माहीत असते, घेणाऱ्याला आपली वरची; दोघेही ती सांगत नाहीत. दोघांच्या मर्यादा कुठे पडतील याची अनिश्चितता असेल आणि बाहेरून कोणी पैसे घालत नसेल, तर फायद्याचा प्रत्येक सौदा हमखास घडवून आणेल अशी घासाघिशीची कोणतीही पद्धत असूच शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. मध्यस्थ कितीही हुशार असो, काही चांगले सौदे फिसकटणारच. होल्मस्ट्रॉम यांच्या १९८२ च्या लेखाने संघकामातल्या करारांचा पेच मांडला. मिल्ग्रोम आणि त्याच विभागातले रॉबर्ट वेबर यांनी त्याच वर्षी दाखवले की बोली लावणाऱ्यांचे अंदाज एकमेकांशी निगडित असतील, तर मोहोरबंद निविदेपेक्षा चढत्या बोलीच्या उघड लिलावात विकणाऱ्याला सरासरीने जास्त पैसे मिळतात, कारण दुसऱ्यांच्या बोलीतून प्रत्येकाला माहिती मिळते आणि फसण्याची भीती कमी होते.

हे सारे कागदावर राहिले नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने जुलै १९९४ मध्ये रेडिओलहरींच्या दहा राष्ट्रीय परवान्यांचा लिलाव केला, तो मिल्ग्रोम, विल्सन आणि प्रेस्टन मॅकअफी यांनी सुचवलेल्या पद्धतीने : सगळे परवाने एकाच वेळी बोलीवर, फेऱ्या संपेपर्यंत. त्यातून ६१ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. भारतात २०१० चा थ्री-जी लिलाव याच घराण्यातल्या पद्धतीने झाला. तो ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला, सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले, आणि एकट्या मुंबई परिमंडळाचा भाव ३,२४७ कोटींवर गेला.

व्यूहनीतीची वाट वेगळ्या बाजूने आली. हार्वर्डमध्ये ‘बिझनेस पॉलिसी’ हा विषय जुना होता आणि तो खऱ्या कंपन्यांच्या केस वाचून शिकवला जाई. आल्फ्रेड चँडलर यांच्या १९६२ च्या ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ने त्याला इतिहासाचा पाया दिला. पण प्रत्येक केस वेगळी. सर्वसाधारण नियम हाती लागत नव्हता. मायकेल पोर्टर हे प्रिन्स्टनचे विमान-अभियंते, १९७१ चे हार्वर्ड एमबीए. नंतर ते नदी ओलांडून अर्थशास्त्र विभागात गेले आणि व्यवसाय-अर्थशास्त्राच्या संयुक्त अभ्यासक्रमातून १९७३ मध्ये पीएच.डी. झाले. तिथे रिचर्ड केव्ह्ज यांच्याकडे ते औद्योगिक संघटनेचे अर्थशास्त्र शिकले. जो बेन आदींनी त्या शास्त्रात नव्या कंपन्यांना अडवणाऱ्या भिंतींचा अभ्यास केला होता, पण तो ग्राहकहितासाठी, मक्तेदारी मोडायच्या हेतूने. पोर्टर यांनी तेच विश्लेषण कंपनीच्या बाजूने वाचले : भिंत कुठे उंच आहे ते ओळखा आणि तिच्या आत बसा. १९७९ चा, उद्योगातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींवरचा लेख आणि १९८० चे ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’ यांतून व्यूहनीतीला पहिल्यांदा अर्थशास्त्राचा कणा मिळाला. मुंबईत जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले अविनाश दीक्षित यांनी त्याच १९८० साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये दाखवले की जास्तीची उत्पादनक्षमता आधीच उभारून ठेवणारी कंपनी नव्या स्पर्धकाला बाजारात येण्यापासून परावृत्त करू शकते. दीक्षित एमआयटीचे पीएच.डी. आणि अर्थशास्त्र विभागातले प्राध्यापक. पण हा लेख बिझनेस स्कूलमधल्या प्रत्येक व्यूहनीतीच्या विद्यार्थ्याच्या वाचनात असतो.

पर्ड्यूमध्ये, जिथून रायटर, कामीन आणि श्वार्ट्झ आले होते, डॅन शेंडेल यांनी अमेरिकेतल्या बिअर उद्योगाच्या आकडेवारीवर प्रबंध करवून घेतले आणि १९८० मध्ये ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’ सुरू केले. त्याच नियतकालिकात १९८४ मध्ये बिर्गर वेर्नरफेल्ट यांनी कंपनीच्या ताब्यातली साधने हाच तिच्या यशाचा आधार असल्याचे मांडले. रिचर्ड रुमेल्ट यांच्या १९९१ च्या अभ्यासात कंपन्यांच्या नफ्यातल्या तफावतीचा सुमारे ८ टक्के भाग कोणता उद्योग यावर, तर ४६ टक्के भाग त्या उद्योगातले विशिष्ट युनिट कोणते यावर अवलंबून असल्याचे दिसले. चांगला धंदा निवडण्यापेक्षा तो कोण चालवतो हे जास्त महत्त्वाचे, असा या आकड्यांचा अर्थ लावला गेला आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले.

मग चांगले चालवणे म्हणजे नेमके काय? या प्रश्नावरचा अलीकडचा सर्वांत ठोस प्रयोग मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये झाला. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स हे त्याचे कर्ते. हे रॉबर्ट्स म्हणजे सत्तरच्या दशकात एव्हन्स्टनमध्ये असलेलेच. त्यांनी १७ कंपन्या घेतल्या. ११ कंपन्यांना महिनाभराच्या पाहणीनंतर चार महिने नामांकित सल्लागारांची मदत फुकट मिळाली. सहा कंपन्यांची केवळ पाहणी झाली. गिरण्यांची अवस्था सर्वत्र सारखीच होती. सूत नोंद न करता गोदामात रचलेले, त्यातले काही भिजलेले. यंत्रांची देखभाल मोडल्यावरच. कापडातले दोष उजेडाच्या टेबलावर शोधून हाताने दुरुस्त करणाऱ्या कामगारांची मोठी रांग, पण दोष कोणत्या मागावर आणि का आला याची नोंद कुठेच नाही. सल्लागारांनी ३८ साध्या सवयी लावल्या : दोषांची रोजची नोंद, सकाळची बैठक, सुताची यादी, यंत्रांचे वेळापत्रक. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली.

इतका फायदा होता, तर मालकांनी हे आधीच का केले नाही? संशोधकांना मिळालेले उत्तर मन लावून वाचण्यासारखे आहे. अनेक मालकांना या पद्धती माहीतच नव्हत्या, किंवा आपल्याकडे दोष फार नाहीत असे त्यांना वाटे. चांगली चालणारी गिरणी वाढून वाईट गिरणीला बाजूला सारत नव्हती, कारण मालक परक्या माणसावर अधिकार सोपवायला तयार नव्हता. कंपनी किती मोठी होणार हे घरात किती पुरुष आहेत यावर ठरत होते. २०१३ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आलेला हा लेख आज डॉक्टरेटच्या वर्गात प्रायोगिक पुराव्याचा नमुना म्हणून शिकवला जातो. सिद्धांतापासून सुरू झालेला हा विषय पुन्हा कारखान्याच्या जमिनीवर आला आहे, आणि यापुढची सर्वांत मोलाची भर इथूनच पडेल असे मानायला चांगला आधार आहे.

आजची पीएच.डी. या सगळ्या थरांची बनलेली आहे. केलॉगमध्ये मेड्स आणि व्यूहनीती हे दोन विभाग ती संयुक्तपणे चालवतात. विद्यार्थ्याकडून फी घेतली जात नाही, उलट त्याला विद्यावेतन मिळते. पहिले वर्ष बहुतेक अर्थशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती शिकण्यात जाते, आणि त्याच्या शेवटी कसोटी पाहणारी परीक्षा असते. नंतर गेम थिअरी, करारांचा सिद्धांत, औद्योगिक संघटना असे विषय येतात आणि स्वतंत्र लेख लिहावा लागतो. दर आठवड्याच्या परिसंवादात बाहेरून आलेल्या वक्त्याला पहिल्या दोन-तीन वाक्यांतच प्रश्नांना तोंड द्यावे लागते. तो अडवण्याचा रिवाज विद्यार्थी तिथेच शिकतो. शेवटच्या वर्षी एकच लेख घासूनपुसून तयार करायचा, त्याला ‘जॉब मार्केट पेपर’ म्हणतात, आणि त्यावरच पहिली नोकरी ठरते. अनेक वर्षे या मुलाखती जानेवारीतल्या अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेत हॉटेलांच्या खोल्यांमध्ये होत. २०२० नंतर त्या दूरचित्र-संवादावर गेल्या.

भारतात वाणिज्याचे उच्चशिक्षण मुंबईत लवकर सुरू झाले. सिडनहॅम कॉलेज १९१३ चे. १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम निघाल्या, पहिली एमआयटीच्या आणि दुसरी हार्वर्डच्या सहकार्याने. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या मदतीने जमनालाल बजाज संस्था उभारली. या तिन्हींचा भर सुरुवातीला व्यवस्थापक घडवण्यावर होता. शिक्षक घडवायला बराच काळ परदेशच गाठावा लागे. अहमदाबादच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी सी. के. प्रल्हाद यांनी १९७५ मध्ये हार्वर्डची डीबीए घेतली. पंकज घेमावत यांनी व्यवसाय-अर्थशास्त्राच्या त्याच संयुक्त अभ्यासक्रमातून १९८२ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि ते हार्वर्ड बिझनेस स्कूलचे सर्वांत तरुण पूर्ण प्राध्यापक झाले.

अहमदाबादने १९७१ मध्ये स्वतःचा डॉक्टरेट अभ्यासक्रम काढला. पण आयआयएम या कायद्याने सोसायट्या होत्या. पदवी देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणून चार-पाच वर्षे अभ्यास करून प्रबंध लिहिणाऱ्याला पीएच.डी. न मिळता ‘फेलो’ म्हटले जाई, आणि अभ्यासक्रमाचे नाव होते फेलो प्रोग्रॅम इन मॅनेजमेंट. देशात ही उपाधी पीएच.डी.च्या बरोबरीची मानली गेली, तरी बाहेर अर्ज करताना प्रत्येक वेळी तिचा अर्थ समजावून सांगावा लागे. आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि या संस्थांना पदवी देता येऊ लागली. अहमदाबादमध्ये अर्थशास्त्र आणि व्यूहनीती ही आजही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत आणि अर्ज करताना त्यांपैकी एक निवडावे लागते. केलॉगप्रमाणे दोन्ही मिळून चालणारा अभ्यासक्रम तिथे नाही. कंपनीच्या किमतींवर, करारांवर किंवा घरच्यांच्या हाती असलेल्या उद्योगांवर काम करू पाहणारा विद्यार्थी एका क्षेत्रात प्रवेश घेतो आणि दुसऱ्यातले अभ्यासक्रम पुरवणी म्हणून निवडतो.